दाराजवळचं बटन

लोक विचारतात, चांगली इंजिनीअर होतीस, मास्तरकी कुठे करत बसलीस? मी माणूस पाहून उत्तर देते. नातेवाइकांना सांगते की माय म्हातारी झाली, पलसाण्याच्या मिलची रोजची ये-जा झेपत नव्हती. मिलमधल्या जुन्या ओळखीच्यांना सांगते की शिकवायची हौस होतीच. दोन्ही अगदीच खोटं नाही. पण खरं कारण माझ्या कानात आहे, आणि ते मी इतकी वर्षं केसांखाली झाकून ठेवलं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, धुळ्याकडून सुरतेला आले ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. इथे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. उधन्याला आमची खोली अशा एका खात्याच्या बरोबर वर होती. खाली लूम, वर आम्ही. जमीन ही थरथरणारीच वस्तू असते, असं मला लहानपणी वाटायचं. पहिल्यांदा आजोळी गेले तेव्हा अंगणात झोपच येईना. खालची जमीन मेल्यासारखी वाटत होती. मी रडून गोंधळ घातला आणि मामा म्हणाले, सुरतेचं पाणी लागलंय हिला.

खात्यात कोणी कोणाशी आवाजाने बोलत नाही, कारण बोलून उपयोग नसतो. ओठ हलवायचे, हाताने खुणा करायच्या. मी आप्पांचा डबा घेऊन दारात उभी राहायचे आणि ते पार पलीकडच्या लूमवरून ओठांनीच विचारायचे, भाजी कोणती? मी ओठांनीच सांगायचे, मेथी. ते तोंड वाकडं करायचे. शाळेत नाव घालायच्या आधीपासून मला ओठ वाचता येत होते. त्यात काही विशेष आहे, हे मला माहीतच नव्हतं. सगळ्याच घरांत असं बोलत असतील, असं मी धरून चालले होते.

पुढे पुढे आप्पांना घरीसुद्धा कमी ऐकू यायला लागलं. लूमवाल्यांच्या घरात यावर कोणी दवाखाना करत नाही. माणूस आहे तसाच राहतो आणि घर शहाणं होतं. पाठीमागून हाक मारायची नाही. ओरडायचं तर मुळीच नाही, ओरडलं की माणूस ओशाळतो. लाइटचं बटन दाबायचं, बल्ब एकदा बंद करून चालू करायचा. त्यांनी मान वळवली की समोर जायचं आणि मग बोलायचं. मी एकदा, जेवायला चला, म्हणून मोठ्याने ओरडले होते. माय माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी कुणाच्या घरातून काही उचलून आणलंय.

"बापवर वरडू नको," ती म्हणाली. "लाइट कर."

ते माझ्या अंगात इतकं भिनलं की अजूनही मी माणसाला पाठीमागून हाक मारत नाही. रस्त्यात ओळखीचं कोणी पुढे चाललं असेल तर धावत जाऊन समोर उभी राहते. लोक दचकतात.

आप्पांची एकच इच्छा होती, पोरीने लूमपाशी जाऊ नये. म्हणून मी मेकॅनिकल इंजिनीअर झाले आणि पलसाण्याच्या एका कापडाच्या मिलमध्ये मेन्टेनन्सला लागले. लूमपासून पळाले ती स्टेंटरपाशी पोचले. स्टेंटर म्हणजे रंगवलेलं कापड ताणून वाळवणारं लांबलचक मशीन, आत मोठाले ब्लोअर सतत फिरत असतात. आप्पांनी मिल आतून कधी पाहिली नाही. मुलगी पंख्याखाली खुर्चीत बसते, असं ते शेवटपर्यंत समजत होते आणि मी त्यांना समजू दिलं.

कामात मी चांगली होते. नम्रपणा दाखवायचा म्हणून हे लपवत नाही. चालू मशीनमधलं कोणतं बेअरिंग जाणार, ते मी ऐकून सांगायचे. रीत जुनी आहे. लांब डिसमिस घ्यायचा (सुरतेत स्क्रू-ड्रायव्हरला डिसमिस म्हणतात), त्याचं टोक बेअरिंगच्या डबीवर टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडाला लावायची आणि जिवाचा कान करून ऐकायचं. चांगलं बेअरिंग गुणगुणतं, बिघडलेलं बारीक खरखरतं. मिलने कानात घालायला बोळे दिले होते. पण बोळे घातले की ती बारीक खरखर कळत नाही, म्हणून मी ते काढून खिशात ठेवायचे. "मॅडम, जरा ऐका ना," असं म्हणत पुरुष फिटर मला बोलवायला यायचे. ज्या मिलमध्ये पहिल्या दिवशी मला चहाची सोय बघायला सांगितलं होतं, तिथे हे बोलावणं यायचं. त्याचा मला माज होता. तेव्हा कोणी मला कान जपायला सांगितलं असतं, तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

मग एका वर्षी मिलमध्ये तपासणीला कानाचं मशीन आलं. डोळे मिटून बसा, शिटी ऐकू आली की बोट वर करा, असं तपासणाऱ्या बाईने सांगितलं. मी डोळे मिटले, बोट वर केलं, पुन्हा केलं. मग शिट्या थांबल्या. मशीन बिघडलं असावं, असं वाटून मी वाट बघत राहिले. इतकी शांतता मला फार दिवसांनी मिळाली होती. शेवटी डोळे उघडले तर ती बाई माझ्याकडे बघत होती, आणि तिचा हात बटनावरच होता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कानांचं नुकसान थोडं लहानपणीच्या खोलीतलं, बरंचसं मिलमधलं. जाड आवाज अजून येतात, बारीक आवाज गेले, आणि गेले ते परत येत नाहीत. मी बिघडलेला भाग बदलणाऱ्या जगात वाढलेली बाई. ऑर्डर दिली की दोन दिवसांत नवं बेअरिंग येतं, ही माझी देवावरची श्रद्धा. कानाचं बेअरिंग मिळत नाही, हे गळी उतरायला मला फार वेळ लागला. मिलने मला स्टोअरमध्ये टेबल देऊ केलं. ज्या मशीनींचे बिघाड मी नुसते ऐकून ओळखत होते, त्यांच्या नटबोल्टची मोजदाद करत बसायचं. मी राजीनामा दिला.

आणि मग मी डोकं चालवलं. कान वाचवायचे तर शांत जागा हवी. शिकवायला येतं, विज्ञान येतं. बी.एड. केलं आणि शाळेत गेले. शाळा ही शांत जागा असते, असं जिला वाटतं, तिची पदवी खरं तर तिथेच काढून घ्यायला हवी.

शाळा नवागामच्या बाजूला, एका ट्रस्टची, मराठी माध्यमाची. मुलं बहुतेक आमच्यासारख्याच घरांतली. कुणाचा बाप लूमवर, कुणाचा मिलमध्ये, आया घरी बसून साड्यांना टिक्या, म्हणजे चमकीच्या टिकल्या, लावतात. सुरतेत शाळेतल्या बाईला बेन म्हणतात, म्हणून मराठी शाळेतही मी बेन झाले आणि मुख्याध्यापिका मोठ्या बेन. सहावी-सातवीचं विज्ञान माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी वर्गात विचारलं, सूर्य कोणत्या दिशेला उगवतो? पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि तिने तोंड उघडलं. मला काही ऐकू आलं नाही. म्हणजे काहीतरी आलं, पण पाण्याखालून आल्यासारखं. दुसरी उभी राहिली, तेच. रस्त्यावरचा ट्रक मला चांगला ऐकू येत होता. शेजारच्या खात्यातले लूम ऐकू येत होते. जे आवाज माझ्या कानात उरले होते ते मी मागे सोडून आले होते, आणि जे आवाज गेले होते नेमके त्यांच्यात येऊन उभी होते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्या दिवशी घरी जाऊन मी मायला सांगितलं, मुलं गोड आहेत. मग न्हाणीघरात नळ सोडून रडले.

पण मला ओठ वाचता येत होते. आप्पांनी दिलेली तेवढी एक इस्टेट होती आणि मी ती वापरायला काढली. वर्गात नियम केले. हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही. उभं राहायचं, तोंड माझ्याकडे करायचं, एका वेळी एकानेच बोलायचं. मोठ्या बेन म्हणाल्या, तुमच्या वर्गाला काय शिस्त आहे. मी मान डोलावली. कुणी माझ्याकडे पाठ करून बोललं तर मी "हो, हो" म्हणायचे, आणि त्या "हो"मध्ये मी कशाकशाला परवानगी दिली असेल ते देव जाणे.

कानाचं यंत्रही घेतलं होतं. केसांखाली लपवून एक दिवस वर्गात घातलं. बाकांचे पाय, दप्तरांच्या चेन, पंख्याची कुरकुर, सगळं एकदम डोक्यात शिरलं आणि मुलांचे शब्द त्या गदारोळात होते तसेच बुडालेले राहिले. शिवाय केस सरकले तर दिसेल, ही धास्ती. यंत्र कपाटात गेलं. आमच्या नेमणुका दर वर्षी जूनमध्ये नव्याने होतात. माझ्या आधीच्या एका वयस्क बेनना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं, तेव्हा ट्रस्टने त्यांना फार प्रेमाने सांगितलं होतं, आता आराम करा. मला ते प्रेम नको होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत मी दर जून पार केला.

कारण मला ही मुलं हवी होती. हे सांगताना आता लाज वाटत नाही. मिलमध्ये मी मशीन दुरुस्त करायचे, ते पुन्हा बिघडायचं. इथे मी बाकाच्या एका टोकाला नखाने खाजवायचे आणि दुसऱ्या टोकाला कान लावलेल्या मुलीचे डोळे मोठे व्हायचे. आवाज लाकडातून जातो, हे तिला आता कोणी विसरायला लावू शकणार नव्हतं. ती बोलायची ते मला ऐकू येत नसलं तरी दिसायचं. हे गेलं असतं तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मिल सोडलेली, लग्न होऊ घातलेलं आणि मोडलेलं (ती वेगळी कथा, तिचा आणि कानांचा संबंध नाही), घरी मी आणि माय. रोज सकाळी शाळेच्या जिन्यावर मनात यायचं, आज कळेल, आज कुणाला तरी कळेल. चोराच्या मनात चांदणं. कोणी कानाशी हात नेला तरी मला वाटायचं, माझ्याबद्दलच खूण चालली आहे.

या सगळ्यात एक खोडी मुलांची होती. मी फळ्यावर लिहीत असले की मधूनच वर्गातली ट्यूब बंद-चालू व्हायची. बटन दाराजवळ होतं. मी वळून बघायचे तर सगळे शहाण्यासारखे बसलेले आणि कुणाचा तरी हात वर. मी त्या मुलाला बोलायला सांगायचे. एकदोनदा म्हटलं, लाइटशी खेळू नका रे, ट्यूब उडेल. ते हसायचे आणि पुन्हा तेच. मुलं आहेत, म्हणून मी सोडून द्यायचे. आता हे लिहिताना माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही. ज्या घरात मी वाढले तशाच घरांतली ती मुलं, आणि मला ते ओळखू आलं नाही. आप्पांना बोलवायला लाइट करत होते तेव्हा मी बटनाच्या बाजूला होते. त्या बाजूने ते वेगळं दिसतं.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते, उकाडा होता. सातवीला उष्णतेचा धडा. स्पिरिटच्या दिव्यावर धातूची सळई तापवायची, सळईला मेणाने टाचण्या चिकटवलेल्या असतात, उष्णता जशी पुढे सरकते तशी एकेक टाचणी गळून पडते. हा प्रयोग पंख्याखाली होत नाही, ज्योत हलते. म्हणून पंखे बंद करायचे आणि मुलं घामाने कुरकुर करायची. त्या दिवशी तासाच्या सुरुवातीलाच लाइट गेली. मी खूश झाले. पंखे आपोआप बंद, कुणाची तक्रार नाही, ज्योत सरळ. दिवे पेटवले, गट केले, सूचना दिल्या, सगळं व्यवस्थित लागलेलं पाहिलं आणि निरीक्षणांचा तक्ता काढायला फळ्याकडे वळले.

तक्ता मी छान काढते. रेघा सरळ. शेवटची रेघ ओढत होते तेव्हा कुणीतरी माझी ओढणी खेचली.

वळले तर सगळा वर्ग उभा होता. तिसऱ्या बाकावरची मुलगी, शांत, सावळी, दोन वेण्यांची, उजवा हात डाव्या हाताने धरून उभी होती. बाही मनगटापासून जळालेली आणि भिजलेली, हाताच्या पाठीवरची कातडी सुटलेली. दिवा कलंडून स्पिरिट तिच्या हातावर सांडलं होतं आणि पेटलं होतं. शेजारणीने पाण्याची बाटली ओतून ते विझवलंही होतं. पेटणं, ओरडणं, विझवणं, हे सगळं माझ्या पाठीमागे, दोन हातांवर होऊन गेलं होतं आणि मी रेघा ओढत होते. दाराजवळ एक मुलगी अजून बटन दाबत होती. वर, खाली, वर, खाली. तिच्या तोंडावर जी घाबरी घाई होती ती मी जन्मात विसरणार नाही.

भाजलेल्या मुलीला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हात वाचेल, डाग राहील, बोटं वळायला वेळ लागेल. लिहायचा हात होता. त्यांनी विचारलं, लगेच पाण्याखाली का धरला नाही? बाटलीभर पाण्याने काय होतं? मी म्हटलं, कळलं नाही. त्यांना वाटलं, काय करायचं ते कळलं नाही. मी दुरुस्त केलं नाही.

तिची आई तशीच धावत आली, बोटांना टिक्यांचा गोंद चिकटलेला. मी शिव्या खायला तयार होऊन उभी राहिले. मला त्या हव्याच होत्या. ती मुलीजवळ बसली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मग उठून माझ्या अगदी समोर आली. माझ्या तोंडासमोर तोंड आणून, ओठ नीट हलवत, सावकाश बोलली. आप्पांशी माय बोलायची तशी.

"बेन, चूक पोरीस्नी शे. लाइट नव्हती, ते त्यास्ना ध्यानमाच उनं नही. नुसतं बटन दाबत बसन्या."

मी विचारलं, बटन कशासाठी? मग तिने सांगितलं ते असं. मुलीचा बापही लूमवर, त्यालाही ऐकू येत नाही. सहावीची शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलगी घरी येऊन म्हणाली होती, आमच्या विज्ञानाच्या बेन पप्पांसारख्या आहेत. आईने तिला घरातलंच शिकवलं. बेनवर ओरडायचं नाही, लोकांत त्यांचा मान जातो, लाइट कर. तिने बाकीच्यांना सांगितलं. सांगावं लागलंच नाही म्हणे, निम्म्या वर्गाच्या घरात तेच चालतं. मोठ्या बेनना कळू द्यायचं नाही, हे मुलांनी आपसात ठरवलं होतं. म्हणजे ती शिस्त माझी नव्हती, त्यांची होती. इतकी वर्षं मी लपवत होते, आणि मुलं मला लपवत होती.

आणि म्हणून त्या दिवशी वर्ग ओरडला नाही. मुलगी भाजली तेव्हा ती एकटी किंचाळली. बाकीचे, सगळा वर्ग, सगळे मिळून एकदा जरी ओरडले असते तरी मला ऐकू आलं असतं, मी काही ठार बहिरी नाही. पण बहिऱ्या माणसावर ओरडायचं नसतं. ते बटनाकडे धावले. त्यांनी माझा मान ठेवला आणि तेवढ्यात तिचा हात जळाला. यात चूक कोणाची, हे मी फिरवून फिरवून पाहिलं. चांगलं वळण एवढं महागात पडतं, हे मला कोणत्याच पुस्तकात भेटलं नव्हतं.

मोठ्या बेननी दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्या बिचाऱ्या माझ्याच बाजूच्या होत्या. अपघात कुठेही होतो, म्हणाल्या, पालकांची तक्रार नाही, ट्रस्टला मी सांगते, फक्त आता हे दिवे-बिवे बंद, पुस्तकातून शिकवा. बस्स. मला काही झालं नाही. जूनची नेमणूक तशीच राहणार होती. मूठ अजून झाकलेली होती, आणि ती झाकायला आता मोठ्या बेनचाही हात लागला होता. मी "हो" म्हटलं आणि बाहेर आले.

आठवडाभर पुस्तकातून शिकवलं. उष्णतेचे प्रकार तीन, लिहून घ्या. फळ्याकडे वळणं मला जमेना. एक शब्द लिहायचा आणि मागे बघायचं. सगळे जिवंत आहेत ना? पुन्हा एक शब्द. मुलं मान खाली घालून लिहीत राहायची, जणू चूक त्यांचीच. रविवारी दुपारी मी मायला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिला माझ्या कानांचं केव्हाच कळलं होतं, हेही मला त्याच दिवशी समजलं. मी तिच्याशी वाद घालायला लागले, जणू तिनेच मला काढून टाकलं होतं. म्हटलं, आप्पांनीही आयुष्यभर तसंच काम केलं की. त्यांना कोणी घरी बसवलं का?

मायने सूप खाली ठेवलं आणि माझ्या समोर तोंड केलं.

"तुना बाप लूमवर व्हता," ती म्हणाली. "लूम रडस का?"

मला तिचा इतका राग आला की मी उठून आतल्या खोलीत गेले. तिने पुन्हा सूप उचललं असेल. त्याचा आवाज मला येत नाही.

मुलगी शाळेत परत आली तेव्हा हाताला पांढरी पट्टी होती. त्या तासाला मी पुस्तक उघडलं नाही. मी इंजिनीअर आहे, तपासल्याशिवाय मशीन बंद करत नाही आणि चालूही ठेवत नाही. आज आपण एक प्रयोग करू, असं वर्गाला म्हटलं. मोठ्या बेननी दिवे बंद केलेत, हा बिनदिव्याचा आहे. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहीन. एकीने मागच्या भिंतीपासून मला हाक मारायची. ऐकू आली की मी बोट वर करीन. लाइट लावायची नाही, पाय आपटायचा नाही, कोणी मध्ये मदत करायची नाही. कोण हाक मारेल? कोणीच हात वर केला नाही. मग पट्टीवाला हात वर झाला.

ती मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिला सांगितलं, त्या दिवशी ओरडलीस तशी ओरड. लाजू नकोस. तिने मान हलवली. मी फळ्याकडे वळले.

फळ्यावर आदल्या तासाचा गणिताचा कुठला तरी शिल्लक आकडा होता. पंखा ऐकू येत होता. शेजारच्या खात्यातले लूम ऐकू येत होते, एक जरा ढिला चालत होता, तेही कळलं. मी जिवाचा कान केला. मिलमध्ये डिसमिस लावून करायचे तसा. दूर कुठेतरी, डिंडोलीच्या रस्त्यावर असावं, रिक्षाचा ब्रेक लागल्यासारखं बारीक काही झालं आणि गेलं. मी वाट बघत होते. लाजतेय पोरगी, मला वाटलं. साहजिक आहे, बेनवर ओरडायचं म्हणजे काय. तिला अजून थोडा वेळ द्यावा. मी थांबले. मग, घाबरू नकोस, सुरू कर, असं सांगायला मी हसत मागे वळले.

शेवटच्या दोन बाकांवरच्या सगळ्या मुलांनी कानांत बोटं घातली होती.

ती भिंतीला टेकून उभी होती, तोंड मिटलेलं, गळ्याच्या शिरा अजून खाली बसल्या नव्हत्या. मुलांनी हळूहळू बोटं काढली. कोणी माझ्याकडे बघेना. तीच तेवढी बघत होती, आणि तिचे ओठ मला स्पष्ट दिसले.

"आलं ऐकू, बेन?"

एवढी वर्षं या प्रश्नाला माझं उत्तर तयार असायचं, आणि ते आताही जिभेवर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

मग तिला शाब्बास म्हटलं, खडू फळीवर ठेवला आणि जिना उतरून मोठ्या बेनच्या खोलीकडे गेले. त्या दाराकडे पाठ करून काहीतरी लिहीत होत्या. मी त्यांना हाक मारली नाही, समोर जाऊन उभी राहिले.